आरटी-क्विक संच: प्रायॉनवरचं औषध शोधायला किती कामाचा, किती फसवा

प्रायॉनच्या, म्हणजे घडी बिघडलेल्या प्रथिनाच्या, आजारांवर औषध शोधू पाहणाऱ्या प्रयोगशाळेला सुरुवातीलाच एक खर्चिक निर्णय घ्यावा लागतो: आरटी-क्विकचा, म्हणजे नमुन्यातला प्रायॉन वाढवून मोजणाऱ्या चाचणीचा, संच उभा करायचा की नाही? हा संच एका खोक्यात येत नाही. प्लेट हलवत हलवत प्रकाश मोजणारा रीडर, शुद्ध केलेलं पीआरपी प्रथिन, काळ्या भिंतींच्या प्लेटा, चार-पाच बफर आणि हे सगळं शिस्तीत चालवणारा माणूस मिळून तो तयार होतो. आमचं मत आधीच सांगतो. नमुन्यात प्रायॉन आहे का आणि साधारण किती आहे, हे जाणून घ्यायचं असेल तर या किमतीत आणि या वेळेत याच्या तोडीचं दुसरं काही नाही. पण ‘हे रसायन प्रायॉनला थांबवतं का’ एवढ्या एकाच प्रश्नासाठी घेणार असाल तर जरा थांबा. त्या प्रश्नाला हा संच चटकन ‘हो’ म्हणतो आणि ते ‘हो’ पुष्कळदा टिकत नाही.

तत्त्व विरजणाचं आहे. पीआरपी हे प्रथिन आपल्या मज्जापेशींवर नेहमीच असतं. त्याची घडी एका विशिष्ट तऱ्हेने बिघडली की ते प्रायॉन होतं आणि शेजारच्या चांगल्या पीआरपीलाही तेच वळण लावतं. प्लेटच्या वेलमध्ये, म्हणजे छोट्या खळग्यात, दुधाच्या जागी जिवाणूंकडून बनवून घेतलेलं स्वच्छ पीआरपी असतं आणि विरजणाच्या जागी रुग्णाच्या पाठीतून काढलेलं पाणी, म्हणजे सीएसएफ, किंवा मेंदूचा खूप पातळ केलेला अर्क. एक मिनिट हलवायचं, एक मिनिट थांबायचं, असं तासन् तास चालतं. हलवल्यामुळे वाढत्या तंतूंचे तुकडे पडतात, प्रत्येक तुकड्याला नवी टोकं मिळतात आणि वाढ भराभर होत जाते. थायोफ्लॅविन-टी हा रंग तंतूंना चिकटला की चमकतो. ती चमक रीडर दर ४५ मिनिटांनी मोजतो.

आधी आली पीएमसीए ही याच तत्त्वाची पद्धत. २००१ मध्ये क्लाउडिओ सोटो यांच्या गटाने ती मांडली. त्यात हलवण्याऐवजी ध्वनिलहरींचा मारा असतो आणि दूध म्हणून निरोगी मेंदूचा अर्क वापरतात. अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या हॅमिल्टन इथे रॉकी माउंटन लॅबोरेटरीज आहेत. तिथल्या बायरन कॉगी यांच्या गटाने २०१० मध्ये हलवणं, जिवाणूंमधलं प्रथिन आणि थायोफ्लॅविन एकत्र आणून आजची आरटी-क्विक घडवली. २०११ मध्ये र्‍युइचिरो अताराशी आणि सहकाऱ्यांनी ती माणसांच्या सीएसएफवर चालवून दाखवली. २०१५ मध्ये दुसरी, वेगवान आवृत्ती आली. क्रॉइट्सफेल्ट-याकोब आजाराचं, म्हणजे सीजेडीचं, निदान त्यामुळे रुग्ण जिवंत असताना भरवशाने करता येऊ लागलं.

रीडर घेताना

बहुतेक प्रयोगशाळांत बीएमजी लॅबटेकचा फ्लुओस्टार ओमेगा दिसतो. प्रकाशित कृतींतल्या सेटिंग्ज बव्हंशी याच यंत्रासाठी लिहिलेल्या आहेत, हे त्यामागचं साधं कारण. नवख्या गटाला याचा फार आधार होतो. ७०० आरपीएम, दुहेरी वर्तुळाकार हलवणं, ६० सेकंद चालू आणि ६० सेकंद बंद, ४५० नॅनोमीटरने उद्दीपन, ४८० नॅनोमीटरवर मोजणी, वाचन प्लेटच्या तळातून, हे आकडे जसेच्या तसे भरता येतात.

ऑर्डर देताना एक गोष्ट लेखी पक्की करा. या यंत्राची नेहमीची आवृत्ती ४५ अंश सेल्सिअसपर्यंतच तापते. ६५ अंशांपर्यंत जाणारी वाढीव तापमानाची सोय वेगळी मागवावी लागते. पहिल्या पिढीची कृती ४२ अंशांवर चालते, त्यामुळे ही उणीव आधी कळत नाही. दुसऱ्या पिढीची कृती ५५ अंश मागते आणि तेव्हा महागडं यंत्र दारात उभं असूनही चाचणी करता येत नाही. दुसरा कुठलाही रीडर घेतला तरी तीन प्रश्न विचाराच: ५५ अंश सलग किती तास टिकतात, ७०० आरपीएमने चार दिवस हलवणं यंत्राला झेपतं का, आणि प्लेट खालून वाचता येते का. रोजच्या एलायझासाठी (प्रतिपिंडांनी प्रथिन मोजणाऱ्या चाचणीसाठी) बनवलेले रीडर काही सेकंद हलवण्यासाठी असतात. त्यांना चार-चार दिवस जुंपलं की प्लेट धरणारी चौकट सैल होते, वाचनाची जागा सरकते आणि कडेच्या वेल्सचे आकडे आधी डळमळू लागतात. यंत्र सारखं हलत असल्यामुळे टेबलही जड आणि स्वतंत्र हवं. त्याच टेबलावर तराजू किंवा सूक्ष्मदर्शक ठेवू नका.

ओमेगाची मोजणी २,६०,००० एककांवर थांबते. गेन, म्हणजे रीडरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, जास्त ठेवला तर सगळ्या पॉझिटिव्ह रेषा या छताला टेकून सपाट होतात. निदानासाठी हे चालतं. औषधाच्या कामात मात्र शेवटची उंची हाही एक माप असतो आणि ते हातचं जातं. म्हणून औषधाच्या प्रयोगांत गेन असा ठेवा की नुसत्या विरजणाच्या वेल्स दीड-दोन लाखांच्या दरम्यान स्थिरावतील.

प्लेट ९६ वेल्सची, काळ्या भिंतींची आणि पारदर्शक तळाची घ्यावी. वर चिकटणारी पारदर्शक फिल्म कडेपासून दाबत बसवावी. ५५ अंशांवर कोपऱ्यातल्या वेल्समधून बाष्प निसटलं तर मीठ दाट होतं आणि तिथे विरजणाशिवायच तंतू दिसू लागतात. कडेच्या वेल्समध्ये महत्त्वाचे नमुने नकोत. तिथे नुसता बफर भरला तरी चालेल.

खरा जीव प्रथिनात

पैसे यंत्राला लागतात, पण यश-अपयश प्रथिनावर ठरतं. सीएसएफसाठी दुसऱ्या पिढीत सीरियन हॅमस्टरचं आखूड पीआरपी वापरतात, ९० ते २३१ क्रमांकांच्या अमिनो आम्लांचं. पहिल्या पिढीत पूर्ण लांबीचं, २३ ते २३१. बँक व्होल नावाच्या उंदरासारख्या प्राण्याचं पीआरपी जवळजवळ सगळ्या प्रायॉन-जातींचं विरजण स्वीकारतं. अनेक जातींवर औषध तपासायचं असेल तर तेच सोयीचं, फक्त ते कधी कधी आपणहूनही लवकर बिघडतं.

हे प्रथिन ई. कोलाय जिवाणूत बनतं, पण विरघळलेलं नव्हे तर गोळ्यांच्या रूपात. ते गोळे धुऊन ८ मोलर ग्वानिडीनमध्ये (हे रसायन प्रथिनाची घडी उलगडतं) विरघळवायचे आणि निकेलच्या राळेवर चढवायचे. वेगळी हिस्टिडीनची शेपटी लावावी लागत नाही, पीआरपीचे स्वतःचे हिस्टिडीनच निकेलला धरतात. नंतर राळेवर असतानाच ग्वानिडीन सावकाश कमी करत शून्यावर आणायचं, म्हणजे प्रथिनाची घडी नीट बसते. ही पायरी उरकायची म्हणून घाईने केली तर प्रथिन राळेवरच गोठतं. इमिडाझोलने उतरवून घेतल्यावर १० मिलिमोलर सोडियम फॉस्फेट, पीएच ५.८ मध्ये डायलिसिस. इथे थोडी पांढरट साय येणं नेहमीचं आहे. ती गाळून काढा आणि २८० नॅनोमीटरवर मोजणी गाळल्यानंतर करा. आधी मोजलेला आकडा खोटा असतो, कारण गढूळपणाही प्रकाश अडवतो.

लहान भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा. एकदा वितळवलेला भाग परत गोठवायचा नाही. वापरण्याच्या दिवशी वितळवलं की १०० किलोडाल्टनच्या फिल्टरमधून फिरवून घ्या. गोठवताना-वितळवताना झालेले बारीक गुंते त्यात अडकतात. हे गुंते म्हणजे भांड्याला चिकटून राहिलेलं जुनं दही. ते राहिलं तर दुधाला विरजण कुणी लावलं, हे कधीच कळणार नाही.

विकतचं प्रथिनही मिळतं. निदानासाठी घ्यायला हरकत नाही. औषधाच्या कामासाठी मात्र एकाच घाण्याचं, म्हणजे एकाच बॅचचं, पूर्ण प्रकल्पाला पुरेल इतकं प्रथिन आधीच राखून ठेवता आलं पाहिजे. दोन बॅचमध्ये चमक वाढू लागण्याआधीचा थांबा चार-पाच तासांनी सहज बदलतो. मध्येच बॅच बदलली तर तो फरक औषधाच्या नावावर जमा होतो.

मिश्रण

पूर्ण प्लेटसाठी १० मिलिलिटर मिश्रण पुरतं. प्रथिनाचा साठा ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असेल तर त्याचे २ मिलिलिटर, २ मोलर मिठाचे १.५ मिलिलिटर, १०० मिलिमोलर फॉस्फेटचा १ मिलिलिटर, १०० मिलिमोलर ईडीटीएचा ०.१ मिलिलिटर, १ मिलिमोलर थायोफ्लॅविनचा ०.१ मिलिलिटर आणि उरलेलं ५.३ मिलिलिटर पाणी. यातून ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर प्रथिन, ३०० मिलिमोलर मीठ, १ मिलिमोलर ईडीटीए आणि १० मायक्रोमोलर थायोफ्लॅविन मिळतं. पाणी आणि बफर आधी, मग मीठ, मग रंग, आणि प्रथिन सगळ्यात शेवटी. दाट मिठावर थेट प्रथिन ओतलं की ते तिथल्या तिथे गुठळ्या धरतं. मिसळताना व्हॉर्टेक्स नको, नळी चार-पाचदा उलटी-सुलटी करा. फेस झाला की हवेच्या कडेवर प्रथिन उलगडतं.

इथे एक बारकावा कृतीच्या कागदावर सहसा नसतो. प्रथिन पीएच ५.८ च्या बफरमध्ये आहे आणि त्याचे २ मिलिलिटर १० मिलिलिटरमध्ये जातात. त्यामुळे ७.४ ला जुळवलेला फॉस्फेट घातला तरी शेवटचा पीएच ७.१-७.२ च्या आसपास घसरतो. प्रथिनाऐवजी नुसता डायलिसिसचा बफर घालून एक नक्कल मिश्रण बनवा, त्यात शेवटचा पीएच ७.४ येईल असा फॉस्फेटचा साठा जुळवा, आणि तोच साठा शेवटपर्यंत वापरा.

मेंदूच्या नमुन्यासाठी १० टक्के अर्क करून गुरुत्वाकर्षणाच्या २,००० पट जोराने दोन मिनिटं फिरवायचा, वरचा भाग ०.१ टक्का एसडीएस (साबणासारखं रसायन) आणि एन-२ (पेशींना देतात ते पोषक मिश्रण) घातलेल्या बफरमध्ये दहा-दहापटीने पातळ करत न्यायचा आणि ९८ मायक्रोलिटर मिश्रणात २ मायक्रोलिटर टाकायचे. एसडीएस वेलमध्ये ०.००२ टक्के उरतो. याच्या दुप्पट झाला तरी विरजणाशिवाय तंतू उगवू शकतात, म्हणून एसडीएसचा साठा थंडीत गोठून तळाला बसलेला नाही ना, हे कोमट करून पाहा. सीएसएफ पहिल्या पिढीत ८५ मायक्रोलिटरमध्ये १५ घालतात आणि ९० तास चालवतात. दुसऱ्या पिढीत ८० मध्ये २०, आणि २४ तासांच्या आत निकाल.

मेंदूचा अर्क जितका दाट तितका निकाल ठळक, ही समजूत उलटी ठरते. शंभरपट पातळ केलेल्या अर्कातली चरबी वाढ दाबते आणि जिथे प्रायॉन सर्वाधिक तिथेच वेल निगेटिव्ह दिसते. हजारपटीपासून पुढे सुरुवात करा. सीएसएफमध्ये रक्त मिसळलं असेल तरी तेच होतं. लाल पेशी लिटरला १,२५० दशलक्षांच्या वर किंवा एकूण प्रथिन लिटरला एक ग्रॅमच्या वर असेल तर त्या निगेटिव्हवर विसंबू नये.

निकाल लावताना सुरुवातीच्या तासांतल्या वाचनांची सरासरी घेऊन त्यात प्रमाण विचलनाच्या दहापट मिळवतात आणि ती उंबरठ्याची रेषा धरतात. चारपैकी किमान दोन वेल्सनी ती ओलांडली तर नमुना पॉझिटिव्ह. विरजण न घालताही दूध नासतं, तसंच इथेही. वेळ लांबवत गेलात तर निगेटिव्ह वेल्सही एक-एक करून उठू, म्हणजे चमकू, लागतात. वेळेची मर्यादा प्रत्येक बॅचसाठी आधी ठरवा, आलेख पाहून नंतर नको.

औषध तपासताना कुठे फसतं

संचाची सर्वात कमकुवत बाजू इथे आहे. मोजली जाते ती थायोफ्लॅविनची चमक, प्रायॉन नव्हे. चमक कमी होण्याची कारणं अनेक आहेत. रसायन स्वतः ४५०-४८० च्या पट्ट्यात प्रकाश शोषत असेल, थायोफ्लॅविनच्याच जागेवर बसत असेल, चांगल्या पीआरपीला चिकटून त्याची गुठळी करत असेल, किंवा खरोखरच प्रायॉनची वाढ रोखत असेल. आपल्याला हवं ते फक्त शेवटचं.

क्विनाक्रिन हे मलेरियाचं जुनं औषध पिवळं आहे आणि जवळपास याच पट्ट्यात स्वतःच चमकतं, त्यामुळे शून्य तासालाच पाया उचललेला दिसतो. हळदीतल्या कर्क्युमिनची कथा आपल्या वाचकांना अधिक जवळची. २००३ मध्ये कॉगी यांच्याच गटाने दाखवलं होतं की प्रायॉनबाधित पेशींत अवघ्या १० नॅनोमोलरला कर्क्युमिन बिघडलेल्या प्रथिनाचा साठा निम्म्यावर आणतं. पण हॅमस्टरांना ते आहारातून दिलं तर आजार लांबला नाही. आरटी-क्विकमध्ये कर्क्युमिनचा निकाल वाचणं तर आणखी अवघड, कारण ते तंतूंना चिकटतं, त्याच निळ्या प्रकाशाने उद्दीपित होतं, वर ५५ अंशांवर आणि ७.४ पीएचला काही तासांत मोडतं. हळदीने प्रायॉन बरा होतो असं कुणी एवढ्या एका आलेखावरून सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

यावर उपाय आहेत, पण त्यांत प्लेटचा मोठा भाग खर्ची पडतो. पहिला उपाय: प्रत्येक मात्रेला विरजणाशिवाय फक्त रसायन आणि मिश्रण अशा वेल्स लावा आणि शून्य तासाचं वाचन पाहा. दुसरा: आपणहून तयार झालेले, संसर्गजन्य नसलेले, नुसत्या पीआरपीचे पक्व तंतू वेगळे बनवून ठेवा. त्यांत थायोफ्लॅविन आणि मग रसायन घाला. चमक काही मिनिटांतच खाली आली तर रसायन प्रायॉनशी नव्हे, रंगाशी भांडतंय. हीच तपासणी संपलेल्या खऱ्या प्लेटची फिल्म काढून करण्याचा मोह होतो. तो टाळा, कारण त्या वेल्स विरजणाने भरलेल्या असतात आणि एकदा खोलीत शिंतोडे गेले की पुढच्या कित्येक प्लेटा बिनविरजणाच्या उठतात.

तिसरा उपाय आम्हाला सर्वात मोलाचा वाटतो. विरजण आणि रसायन आधी एकत्र तासभर ठेवा, मग त्यातले २ मायक्रोलिटर ९८ मध्ये टाका. रसायन पन्नासपट पातळ होतं. तरीही वाढ उशिरा सुरू झाली तर रसायनाने विरजणालाच धरलं आहे. नाही झाली, पण रसायन मिश्रणातच असताना उशीर होतो, तर त्याचा जोर दुधावर आहे. हा फरक कळल्याशिवाय पुढे पेशींवर किंवा उंदरांवर जाणं म्हणजे पैसा पाण्यात.

मात्रा ठरवताना एक साधं गणित करा. ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे पूर्ण लांबीच्या पीआरपीचे सुमारे ४.३ मायक्रोमोलर आणि आखूड पीआरपीचे सहा मायक्रोमोलरच्या आसपास. एखादं रसायन पीआरपीला नॅनोमोलर ताकदीने, एकास एक असं चिकटत असलं तरी १ मायक्रोमोलरला बहुतांश पीआरपी मोकळंच राहणार आणि चाचणी त्याला नापास करणार. चांगलं रसायन इथे हकनाक वगळलं जातं. म्हणून ०.१ ते ३० मायक्रोमोलरपर्यंत अर्ध्या-अर्ध्या लॉगच्या, म्हणजे सुमारे तिपटीच्या, पायऱ्या घ्या. रसायन विरघळवणारा डीएमएसओ सगळीकडे सारखाच आणि १ टक्क्याच्या आत ठेवा.

विरजणाची मात्राही नीट निवडावी. सर्वात पातळ पायरीवर चारपैकी दोनच वेल्स उठतात आणि त्या कधी उठतील याचा नेम नसतो. औषध तिथे तपासलं तर नुसत्या योगायोगाला परिणाम म्हणून बसाल. नियंत्रण वेल्स १० ते १५ तासांत एकजुटीने उठतील अशी पायरी घ्या, आणि जोडीला दहापट दाट व दहापट पातळ अशा आणखी दोन. पेंटोसान पॉलीसल्फेटसारख्या सल्फेटच्या साखळ्या तपासायच्या असतील तर पूर्ण आणि आखूड अशी दोन्ही प्रथिनं वापरा. पीआरपीच्या सुरुवातीच्या टोकावरच्या धनभाराला त्या चिकटतात, ते टोक आखूड प्रथिनात नसतं, म्हणून दोन्हींचे निकाल जुळत नाहीत.

इतकं करूनही एक मर्यादा उरतेच. जिवाणूतल्या पीआरपीवर साखरेच्या साखळ्या नसतात आणि पेशीच्या पडद्यात रोवणारा नांगरही नसतो. हॅमस्टरच्या दुधात माणसाचं विरजण लावलं तर शेवटी जमलेलं दही ना धड माणसाचं, ना हॅमस्टरचं. जातीनिहाय फरक त्यात पुसट होतात आणि औषधांच्या इतिहासात घात झाला तो नेमका तिथेच.

२००१ मध्ये क्विनाक्रिनने बाधित उंदीरपेशी साफ केल्या, म्हणून ते थेट रुग्णांपर्यंत गेलं. ब्रिटनमधल्या प्रायॉन-१ चाचणीचा निकाल २००९ मध्ये आणि अमेरिकेतल्या चाचणीचा २०१३ मध्ये आला. आयुष्य वाढलं नाही. डॉक्सिसायक्लिनचं इटली-फ्रान्सच्या चाचणीत २०१४ मध्ये तेच झालं. आयएनडी-२४ या रसायनाची गोष्ट तर सगळ्यात शिकण्यासारखी. आरएमएल जातीच्या प्रायॉनने बाधित उंदरांचं आयुष्य त्याने जवळपास दुप्पट केलं, पण माणसांच्या सीजेडीच्या प्रायॉनवर ते चाललं नाही. हे रसायन उंदराच्या जातीवर पास होतं की नाही, एवढंच कुठलीही एकजातीय चाचणी सांगू शकत होती, मग ती पेशींची असो वा प्लेटची. म्हणून माणसाच्या किमान दोन वेगवेगळ्या सीजेडी उपप्रकारांचं विरजण हाताशी नसेल तर औषधाचा कार्यक्रम सुरूच करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मग आज हा संच कशासाठी?

गेल्या काही वर्षांत औषधशोधाची दिशाच बदलली. विरजणाच्या मागे धावण्यापेक्षा दूधच आटवायचं. याला जुना आणि पक्का आधार आहे. पीआरपीचं जनुकच नसलेले उंदीर १९९२ मध्ये तयार झाले आणि त्यांना प्रायॉनची बाधा होत नाही हे १९९३ मध्ये दिसलं. २००३ मध्ये जिओव्हाना मालुची यांच्या गटाने बाधा झालेल्या उंदरांच्या मज्जापेशींतलं पीआरपी नंतर काढून टाकलं तेव्हा मेंदूतली सुरुवातीची हानी भरून आली. आता पीआरपीचा संदेश तोडणारे अँटिसेन्स रेणू आले आहेत. आयोनिस कंपनीच्या आयओएन-७१७ ची रुग्णांवरची चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी जनुकाला गप्प करणाऱ्या चार्म या साधनाने उंदरांच्या मेंदूतलं पीआरपी ८० टक्क्यांहून अधिक उतरवलं. जानेवारी २०२५ मध्ये बेस एडिटिंगने बाधित उंदरांचं आयुष्य सुमारे निम्म्याने वाढल्याचं प्रसिद्ध झालं. या कामात सोनिया वल्लभ आणि एरिक मिनिकेल हे दांपत्य आघाडीवर आहे. वल्लभ यांच्या आईचा मृत्यू प्रायॉनच्याच आजाराने झाला आणि घातक बदल त्यांच्या स्वतःच्या जनुकातही आहे.

या औषधांचा पहिला प्रश्न ‘पीआरपी किती उतरलं’ हा असतो. त्याचं उत्तर सीएसएफमधल्या पीआरपीची एलायझा देते, आरटी-क्विक नाही. आरटी-क्विकचं काम दुसऱ्या टप्प्यावर येतं, उपचार केलेल्या आणि न केलेल्या उंदरांच्या मेंदूत विरजण किती उरलं ते मोजण्याचं. तिथे हा संच खरोखर उत्तम आहे. मेंदू दहा-दहापटीने पातळ करत जायचं, प्रत्येक पायरीला चार वेल्स, आणि स्पिअरमन-कार्बर पद्धतीने अर्ध्या वेल्स उठवणारी मात्रा काढायची. प्राण्यांना टोचून हीच मोजणी करायला महिने, कधी वर्ष लागतं. इथे आठवडा पुरतो आणि आकडे प्राण्यांच्या आकड्यांशी बऱ्यापैकी जुळतात. मात्र दहापटीच्या पायऱ्यांवर अर्ध्या लॉगहून लहान फरक वाचू नका. विरजण निम्मं झालं हे या पद्धतीने सिद्ध होत नाही. दहावा हिस्सा उरला हे होतं.

पर्यायांबद्दल थोडक्यात. जात टिकवून वाढ करायची असेल तर पीएमसीए अधिक चांगली, पण तिथे वाढलेला माल संसर्गजन्य असतो आणि ध्वनियंत्राचं टोक झिजलं की निकाल हलतो. बाधित एन-टू-ए पेशी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या उंदराच्या पेशी) औषध पेशीत शिरतं का आणि पेशीला मारतं का हे सांगतात, जे प्लेटला कधीच कळणार नाही. उंदराला पर्याय नाही.

सुरक्षेत काटकसर नको

फ्रान्समधल्या एका प्रयोगशाळेत मे २०१० मध्ये २४ वर्षांच्या तंत्रज्ञाच्या अंगठ्याला बाधित उंदराच्या मेंदूचे गोठवलेले काप हाताळताना चिमट्याचं टोक लागलं. हातात दोन थरांचे मोजे होते. साडेसात वर्षांनी लक्षणं सुरू झाली आणि २०१९ मध्ये तिचा मृत्यू झाला. २०२१ मध्ये फ्रान्सच्या सरकारी संशोधन संस्थांनी प्रायॉनचं काम काही महिने थांबवलं. टोकदार धातू, काच आणि सुया या कामातून पूर्ण बाद कराव्यात. मेंदूच्या तुकड्यांसाठी कापता न येणारे मोजे हवेत, रबराचे पुरत नाहीत.

अल्कोहोल आणि फॉर्मॅलिन प्रायॉनला मारत नाहीत, उलट घट्ट धरून ठेवतात. पृष्ठभागावर २०,००० पीपीएम क्लोरीनचं हायपोक्लोराइट किंवा १ नॉर्मल कॉस्टिक सोडा, दोन्ही तासभर ओलं राहील असं. बाजारातला हायपोक्लोराइट आपल्याकडच्या उन्हाळ्यात भराभर उतरतो, म्हणून डब्यावरच्या टक्क्यांवर न जाता मोजून वापरा. मेंदूच्या तुकड्याच्या आतपर्यंत तो शिरत नाही, हेही ध्यानात असू द्या. अवजारं १३४ अंशांवर १८ मिनिटं ऑटोक्लेव्ह. प्रथिन शुद्ध करतानाचा ग्वानिडीनचा कचरा आणि हायपोक्लोराइट एकाच बादलीत कधीही नको, विषारी वायू सुटतो. संपलेली प्लेट फिल्मसकट पिशवीत सीलबंद होऊन थेट भट्टीकडे गेली पाहिजे.

आपल्याकडे कुणी घ्यावा

सीजेडी जगभर दरवर्षी दहा लाखांत एक-दोघांना होतो. त्या हिशेबाने एकट्या महाराष्ट्रात वर्षाला शंभरहून अधिक रुग्ण असायला हवेत. म्हणून निदानासाठी एखाद्या मोठ्या केंद्रात हा संच असणं रास्तच आहे. औषधशोधासाठी मात्र प्रत्येक कॉलेजने तो घेण्यात अर्थ नाही. पुण्याच्या आयसरमध्ये जयंत उदगावकर यांच्या गटाने उंदराच्या पीआरपीची घडी कशी बिघडते यावर बारकाईने काम केलं आहे, तेही संसर्गजन्य माल न वापरता. छोट्या गटांना तीच वाट परवडणारी आहे: नुसतं जिवाणूतलं पीआरपी, त्याचेच आपणहून बनलेले तंतू विरजण म्हणून, आणि रसायनांची पहिली चाळणी. हाच रीडर पार्किन्सनच्या अल्फा-सिन्यूक्लिनसाठीही चालतो, तेव्हा दोन-तीन विभागांनी मिळून घेतला तर तो रिकामा पडत नाही. सिन्यूक्लिनच्या आणि पीआरपीच्या प्लेटांचे दिवस मात्र वेगळे ठेवा, पिपेटही वेगळे.

घेतलाच, तर पहिले तीन महिने कुठल्याही औषधाला हात लावू नका. एकाच बॅचच्या प्रथिनाने, एकाच विरजणाच्या सहा पायऱ्या, तीन वेगवेगळ्या दिवशी, दोन वेगवेगळ्या माणसांनी लावाव्यात. अर्ध्या वेल्स उठवणारी मात्रा प्रत्येक वेळी अर्ध्या लॉगच्या आत आली आणि बिनविरजणाच्या सगळ्या वेल्स ठरलेल्या वेळेपर्यंत खालीच राहिल्या, तर संच तयार झाला असं समजा. नाही आल्या तर यंत्राच्या कंपनीला फोन करण्याआधी प्रथिनाची नवी बॅच करून बघा.